क्लिप दिसत नाही म्हणण्याआधी : स्तनाच्या एमआरआयवर बायोप्सीचा मार्कर कसा शोधावा

क्लिप म्हणजे बायोप्सीच्या वेळी गाठीच्या जागी ठेवलेली बारीक खूण, तोच मार्कर. सांगली-मिरजेत एमआरआयच्या कन्सोलवर बसणाऱ्यांना हा फोन नवा नाही. रिपोर्टात 'क्लिप दिसली नाही' असं लिहून गेलेलं असतं आणि दोन दिवसांनी सर्जन विचारतात, "अहो, क्लिप गेली कुठं?" तोवर पेशंट जतला किंवा आटपाडीला परत गेलेली असते. तिला पुन्हा एसटीनं बोलवायचं, पुन्हा उपाशी ठेवायचं. अशा दहा केसेस उघडून पाहिल्या तर क्लिप बहुतेकींत जागेवरच सापडते. आपण ती चुकीच्या फोटोत शोधलेली असते, किंवा ज्या फोटोत ती दिसली असती तो काढलेलाच नसतो.

हा लेख मुख्यतः टेक्निशियन मंडळींसाठी आहे. नव्याने रिपोर्टिंगला बसलेल्या डॉक्टरांनाही चालेल.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एमआरआयवर क्लिप चमकत नाही. धातूमुळे तिच्या आसपासचा सिग्नल मरतो आणि तिथं काळा ठिपका उरतो. काळा ठिपका दिसायला भोवती पांढरं लागतं. आपले डाय (शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्टचं औषध) दिल्यानंतरचे फोटो फॅटसॅटचे, म्हणजे चरबी आधीच काळी केलेली. त्यात क्लिप शोधणं म्हणजे अमावस्येच्या रात्री काळं मांजर शोधण्यासारखं. ती दिसते डाय देण्याआधीच्या, फॅटसॅट न लावलेल्या टी-वन फोटोत (यात चरबी पांढरी दिसते), आणि घाईत गाळला जातो तो नेमका हाच सिक्वेन्स.

## १. आदल्या दिवशीचा फोन

काम मशीनपाशी सुरू होत नाही, अपॉइंटमेंट देतानाच सुरू होतं. आमच्याकडे एकीची बायोप्सी कोल्हापुरात, मॅमोग्राफी सांगलीत, केमो मिरजेत, असं सर्रास असतं. कागद तीन पिशव्यांत विखुरलेले. फोनवर हे विचारून घ्या :

- बायोप्सी कोणत्या तारखेला झाली, कोणत्या बाजूची, किती ठिकाणची.
- क्लिप बसवली का. हा प्रश्न 'क्लिप' शब्द वापरून विचारलात तर निम्म्या जणी केसांची क्लिप समजतात. "मावशी, सुई घालून तुकडा काढला त्या दिवशी आत काही खूण ठेवलीय असं डॉक्टर म्हणाले होते का?" असं विचारा. अथणीकडच्या पेशंट असतील तर कानडी येणाऱ्या नातेवाइकाला फोनवर घ्या.
- क्लिप बसवल्यानंतर लगेच काढलेला मॅमोग्राम. फिल्म असो की सीडी, तो सोबत हवाच. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही.
- केमो सुरू असेल तर किती सायकल झाल्या.
- क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट.
- पाळी सुरू असलेल्या बाईला शक्य असेल तर पाळीच्या ७ ते १४ दिवसांतली तारीख द्या; त्या काळात निरोगी ग्रंथी डाय कमी घेतात. कॅन्सर ठरलेला असेल आणि केमो सुरू करायची असेल तर मात्र यासाठी थांबू नका.

तपासा : बायोप्सीच्या नोंदीला चिकटवलेलं क्लिपचं स्टिकर सापडलं का? मार्कर कशाचा आहे आणि किती टेस्लापर्यंत (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) चालतो, हे त्यावर असतं.

## २. स्टिकर वाचायला शिका

हे मार्कर दोन-तीन मिलिमीटरचे असतात. बहुतेक टायटॅनियमचे, काही चुंबकाला न ओढल्या जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे, तर काही सिरॅमिकवर कार्बनचा थर दिलेले. स्टीलचा काळा डाग मोठा, टायटॅनियमचा लहान, सिरॅमिकचा त्याहूनही फिका. स्टिकरवर सिरॅमिक दिसलं तर पाचव्या टप्प्यातला जादा सिक्वेन्स आधीच प्लॅन करून ठेवा.

काही मार्करभोवती कोलॅजन किंवा हायड्रोजेलचं वेष्टन असतं. हायड्रोजेल पाणी शोषून फुगतं आणि टी-टूवर गुळगुळीत पांढरं दिसतं, अगदी साध्या पाण्याच्या गाठीसारखं. रिपोर्टात 'सिस्ट' लिहून मोकळे झालेले मी पाहिले आहेत. त्या पांढऱ्याच्या पोटात काळा ठिपका असेल तर ते हायड्रोजेल. तुमचा मार्कर तोच.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. मॅमोग्रामवर मार्कर रिबन, कॉइल (स्प्रिंग), पंख अशा आकारांत दिसतो. दोन गाठी असतील तर मुद्दाम दोन वेगळे आकार बसवतात. एमआरआयवर हा आकार दिसत नाही. दिसतो तो काळा गोळा, खुद्द क्लिपपेक्षा मोठा आणि बेढब. त्यामुळे कोणती रिबन आणि कोणती कॉइल हे एमआरआयवरून ठरवू नका. मॅमोग्राम शेजारच्या स्क्रीनवर उघडा आणि जागेवरून जुळवा.

सावधान : पेशंट विचारतेच, "आत लोखंड आहे, मशीन ओढणार नाही ना?" आजचे सर्वसाधारण बायोप्सी मार्कर १.५ आणि ३ टेस्लावर अटींसह चालतात. स्टिकरवर पाहून तसं सांगा. स्तन काढल्यावर प्लास्टिक सर्जरीसाठी बसवलेला एक्स्पांडर ही वेगळी गोष्ट आहे. त्यातल्या अनेकांच्या तोंडाशी चुंबक असतो. कंपनी आणि मॉडेल कळल्याशिवाय अशा पेशंटला आत घेऊ नका. ऑपरेशनच्या वेळी जागा सापडावी म्हणून बसवायचं चुंबकीय सीडही वेगळंच. त्याच्याभोवती काही सेंटिमीटरचा भाग काळा होतो. ते बसवायचं ठरत असेल तर एमआरआय आधी आटोपून घ्या, असं सर्जनना सांगायला लाजू नका.

## ३. पिना, जोडवी, जरीचा काठ

फॉर्मवर 'धातू नाही' यापुढं टिक असते आणि ब्लाउजला सेफ्टी पिन असते. आपल्याकडची बाई घरातून पाच पिना लावूनच निघते. कपडे पूर्ण बदलून गाऊन द्या. 'वरचंच काढा' असं सांगू नका. मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसातले आकडे, दंडातला किंवा गळ्यातला ताईत, जरीचा काठ, तारेची ब्रा, सगळं बाहेर. मंगळसूत्र काढायला कुणी बिचकलं तर सोबतच्या सासूबाईंच्या किंवा जाऊबाईंच्या हातात द्यायला सांगा. लॉकरपेक्षा त्यांना ते बरं वाटतं आणि वाद होत नाही.

याचा क्लिपशी काय संबंध? छातीजवळ राहिलेली एक पिन पूर्ण बाजूचा फोटो वाकडा करते आणि दोन मिलिमीटरचा ठिपका त्यात बुडून जातो.

डाव्या-उजव्या बाजूची खात्री पेशंटच्या तोंडून करा. सुईच्या जखमेच्या खुणेवर व्हिटॅमिन ई किंवा माशाच्या तेलाची कॅप्सूल चिकटवा. टी-वनवर ती पांढरी दिसते आणि सुई कुठून आत गेली ते कळतं.

## ४. पालथं झोपवणं

पेशंट पालथी, दोन्ही स्तन स्तनाच्या कॉइलच्या (सिग्नल टिपणाऱ्या साच्याच्या) खळग्यांत सुटे लोंबलेले, निपल खाली. वळ्या पडू देऊ नका, गाऊनची घडी अडकू देऊ नका. हाताने नीट खाली घ्यायला लागतं, म्हणून आधी विचारा : "काकू, मी जरा हात लावून नीट करते, चालेल ना?" पुरुष टेक्निशियन असेल तर स्त्री कर्मचाऱ्याला बोलवा. यात संकोच ठेवला की अर्धा स्तन कॉइलच्या बाहेर राहतो आणि छातीच्या भिंतीजवळची क्लिप फोटोतच येत नाही.

हलकं दाबून स्थिर करा. घट्ट आवळलंत तर क्लिप आणि निपल यांच्यातलं अंतर बदलतं, शिवाय डाय पोचायलाही अडथळा होतो.

काखेतली क्लिप : केमोआधी काखेतल्या गाठीतही क्लिप ठेवण्याची पद्धत आता वाढली आहे. स्तनाची कॉइल वरच्या काखेपर्यंत पुरत नाही. फॉर्मवर काखेचा उल्लेख असेल तर पेशंटला थोडं पुढं सरकवा, फील्ड वाढवा, आणि मशीनवर सोय असेल तर बॉडी कॉइल जोडा. गाठीच्या मध्याशी चरबी असते, ती फॅटसॅट नसलेल्या टी-वनवर पांढरी दिसते. त्या पांढऱ्यात काळा ठिपका शोधा.

## ५. डाय देण्याआधीचे फोटो

इथं वेळ घालवा. हा क्रम ठेवा :

५.१ लोकलायझर, म्हणजे जागा ठरवायचा पहिला झटपट फोटो. दोन्ही काखा आल्या का पाहा.

५.२ टी-वन, थ्री-डी ग्रेडियंट एको (धातूचा डाग ज्यात ठळक उठतो ती पद्धत), फॅटसॅट न लावता. जाडी ३ मिमीच्या वर नको. जमलं तर १ ते १.५ मिमी, मध्ये गॅप नाही. फेज एन्कोडिंग डावी-उजवीकडे ठेवा, म्हणजे हृदयाच्या धडधडीची रेघ स्तनावर येणार नाही.

टीई, म्हणजे पल्स दिल्यापासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ, नीट निवडा. मशीनवर आधीपासून भरून ठेवलेला टीई बहुधा लहानात लहान असतो, कारण त्याने स्कॅन लवकर संपतो. टीई जितका लहान तितका धातूचा डाग लहान. पाणी आणि चरबी यांचे सिग्नल एकाच फेजमध्ये, म्हणजे एका तालात, येतील असा टीई घ्या : १.५ टेस्लावर साधारण ४.६ मिलिसेकंद, ३ टेस्लावर साधारण २.३. स्कॅन थोडा लांबतो. लांबू द्या.

१.५ टेस्लावर टीई २.३ च्या आसपास ठेवण्याची चूक फार होते. तिथं पाणी आणि चरबी विरुद्ध फेजमध्ये असतात आणि ग्रंथीच्या प्रत्येक कडेला शाईने गिरवल्यासारखी काळी रेघ उमटते. मग जिकडं तिकडं क्लिपच दिसायला लागतात.

५.३ टी-टू (यात पाणी पांढरं दिसतं) किंवा स्टिर. सिस्ट, सूज, हायड्रोजेल यांच्यासाठी. हा बहुधा टर्बो स्पिन एको असतो आणि त्यातले रीफोकसिंग पल्स धातूचा परिणाम पुसून टाकतात. इथं क्लिप दिसली नाही तर काळजी करू नका, आणि इथं दिसली नाही म्हणून रिपोर्टात 'नाही' असंही लिहू नका.

५.४ जादा सिक्वेन्स, गरज असेल तरच : तोच ग्रेडियंट एको दुप्पट टीईवर. १.५ टेस्लावर ९.२, ३ टेस्लावर ४.६. पाणी आणि चरबी दोन्ही वेळा एकाच फेजमध्ये असतात, त्यामुळे काळ्या रेघांचा घोळ नाही. फरक दिसतो तो फक्त धातूचा : पहिल्या फोटोत मोहरीएवढा डाग दुसऱ्यात ज्वारीएवढा झाला, तर तिथं धातू, हवा किंवा जुनं रक्त आहे. तेवढाच राहिला तर ती क्लिप नसण्याची शक्यता जास्त. भरगच्च ग्रंथींच्या स्तनात, जिथं टी-वनवर सगळंच करडं असतं, तिथं ही जोडी फार कामी येते.

सावधान : मशीनवर धातूचा आर्टिफॅक्ट कमी करणारा पर्याय असतो. गुडघ्यात सांधा बसवलेल्या पेशंटसाठी तो उत्तम. इथं मात्र तो बंद ठेवा. आपल्याला तो आर्टिफॅक्टच हवा आहे.

## ६. कन्सोलवरची दोन मिनिटं

डाय देण्याआधी थांबा. माझ्या मते पूर्ण तपासणीत सगळ्यात मोलाची हीच दोन मिनिटं, कारण काही चुकलं असेल तर पुन्हा काढायची शेवटची संधी हीच असते.

मॅमोग्राम उघडा. क्लिप कोणत्या चतुर्थांशात आहे आणि निपलपासून साधारण किती आत, ते पाहा. मिलिमीटर जुळवायला जाऊ नका. तिथं स्तन दाबलेला होता, इथं तो लोंबतो आहे. आता ५.२ चे फोटो एकेक करून सावकाश सरकवा. ठिपका सापडला की त्याच जागी ५.४ लावून पाहा. मोठा झाला? स्लाइस नंबर कागदावर लिहा.

जाड स्लॅबचं मिनिमम इंटेन्सिटी प्रोजेक्शन (अनेक स्लाइस एकत्र करून सगळ्यात काळं तेवढं दाखवणारा फोटो) चरबी जास्त असलेल्या स्तनात झटकन उत्तर देतं. ग्रंथी भरपूर असतील तर त्या प्रोजेक्शनवर भरवसा ठेवू नका. ग्रंथींचा काळेपणाच वर येतो.

तपासा : क्लिप एक की दोन? स्टिकरवर दोन असतील आणि फोटोत एक, तर दुसरी कॉइलबाहेर किंवा काखेत राहिली का ते पाहून मगच पुढं जा.

## ७. डाय आणि डायनॅमिक

हा भाग बहुतेकांना नीट येतो, म्हणून थोडक्यात. डोस किलोमागे ०.१ मिलिमोल. बाटली अर्ध्या मोलरची असेल तर ६० किलोच्या पेशंटला १२ मिली, एक मोलरची असेल तर ६ मिली. बाटलीवरचं वाचल्याशिवाय इंजेक्टर भरू नका. वेग सेकंदाला २ मिलीच्या आसपास, मागून २० मिली सलाईन. डाय देण्याआधी फॅटसॅटचा एक संच, मग डाय दिल्यावर तसेच एकामागून एक पुढचे; हेच डायनॅमिक. गाठ डाय सगळ्यात जास्त घेते ती साधारण पहिल्या एक ते दोन मिनिटांत, तो फोटो हुकू देऊ नका.

क्लिपपुरती एकच अडचण. धातूजवळ फॅटसॅट नीट लागत नाही आणि क्लिपच्या कडेला पांढरी चंद्रकोर उरते. ती डाय घेणारी गाठ वाटते. डाय देण्याआधीच्या फॅटसॅट फोटोत ती चंद्रकोर आधीपासून आहे का ते पाहा. असेल तर सोडून द्या. शिम बॉक्स (चुंबकक्षेत्र एकसारखं करायचा स्क्रीनवरचा चौकोन) दोन्ही स्तनांवर नीट बसवला, हवा आणि फुफ्फुस बाहेर ठेवलं, तर हा त्रास बराच कमी होतो.

## ८. फसवे काळे ठिपके

हवा. बायोप्सीला थोडेच दिवस झाले असतील तर जखमेत हवा असते आणि टीई वाढवला की तीही फुगते. पेशंट पालथी असते हे विसरू नका. हवा वर चढते, म्हणजे इथं छातीच्या भिंतीकडे, आणि खाली रक्त साचून सपाट रेघ पडते. क्लिपला अशी रेघ नसते.

रक्त. काही दिवसांची रक्ताची गाठ टी-वनवर बहुधा पांढरी. तिच्यात क्लिप असेल तर उलट छान दिसते. जुन्या रक्ताच्या कडा काळ्या होतात, पण त्या पसरट आणि कडीसारख्या, ठिपक्यासारख्या नव्हेत. रक्त आधीपासून पांढरं असल्यामुळे डाय घेतली की नाही ते सबट्रॅक्शनवरच (डायनंतरच्या फोटोतून आधीचा वजा करून मिळणाऱ्या फोटोवरच) ठरवा.

आधीच्या ऑपरेशनच्या क्लिप. त्या बहुधा अनेक असतात आणि रांगेत. जुन्या व्रणाजवळ सापडतात.

सुईचे कण. व्हॅक्यूम बायोप्सीच्या सुईच्या वाटेवर धातूचे सूक्ष्म कण राहू शकतात. कॅप्सूलपासून आत रेघ ओढा. त्या रेघेवरचे बारीक ठिपके म्हणजे बहुधा तेच. मॅमोग्रामवर ते दिसत नाहीत, क्लिप दिसते.

रक्तवाहिनी. पुढच्या-मागच्या स्लाइसमध्ये लांबत जाते.

## ९. क्लिप गाठीपासून लांब दिसली तर

मॅमोग्राफीवर दाबून केलेल्या बायोप्सीत दाब सोडला की स्तन भात्यासारखा उलगडतो आणि क्लिप सुईच्या दिशेने सरकू शकते. म्हणूनच बायोप्सीनंतर दोन दिशांनी काढलेला मॅमोग्राम इतका महत्त्वाचा. तिथंच सरकलेली दिसत असेल तर एमआरआयवर घाबरण्याचं कारण नाही. बायोप्सीच्या जागेपासून १ सेंटिमीटरच्या वर लांब असेल तर किती आणि कोणत्या दिशेला, हे रिपोर्टात ठळक लिहायचं.

केमोनंतरच्या एमआरआयवर हे जास्तच जपा. कधीकधी गाठ पूर्ण विरघळते, डाय घेणारं काही उरत नाही, आणि सर्जनला जागा दाखवणारी खूण फक्त क्लिप. गाठ चांगली आटली असेल तर क्लिप उरलेल्या भागाच्या कडेला किंवा बाहेर दिसेल. दर वेळी ती सरकलीच असं नाही. आधीच्या एमआरआयचे फोटो शेजारी ठेवूनच बोला. केमोआधीच्या आणि नंतरच्या स्कॅनला टीई आणि जाडी सारखी ठेवा, नाहीतर डागाचा आकार बदललेला दिसतो आणि भलतीच चर्चा सुरू होते.

## १०. रिपोर्ट आणि कागद

क्लिपची नोंद अशी हवी : बाजू, घड्याळातली जागा (किती वाजताच्या दिशेला), निपलपासून अंतर, त्वचेपासून आणि छातीच्या स्नायूपासून अंतर, उरलेल्या गाठीपासून अंतर, सिक्वेन्सचं नाव आणि स्लाइस नंबर. ही अंतरं पालथ्या स्थितीतली आहेत हेही लिहा. ऑपरेशन टेबलवर पेशंट उताणी असते, स्तन पसरतो आणि आकडे बदलतात.

एवढं करूनही क्लिप सापडली नाही तर 'क्लिप नाही' असं लिहू नका. 'या एमआरआयवर ओळखता आली नाही' असं लिहा आणि दोन दिशांचा मॅमोग्राम सुचवा. धातूचा मार्कर तिथं सहसा दिसतोच. काखेतली असेल तर सोनोग्राफीही. बायोप्सीनंतरच्या मॅमोग्रामवरही ती नसेल तर ती कदाचित नीट सुटलीच नसेल किंवा व्हॅक्यूममध्ये परत ओढली गेली असेल. ते पेशंटला केमो सुरू होण्याआधी कळायला हवं, कारण त्या वेळी नवी क्लिप बसवता येते.

क्लिप दिसणारा ५.२ चा एक फोटो बाण लावून छापा आणि फाइलच्या अगदी वर लावा. सीडी हरवते, पेन ड्राइव्ह घरी राहतो. छापील फोटो मात्र कागदांच्या पिशवीत टिकतो. पेशंटला आणि सोबतच्या माणसाला बोटाने दाखवून सांगा, "वहिनी, हा काळा ठिपका म्हणजे तुमची खूण. ऑपरेशनला जाताना हा कागद डॉक्टरांच्या हातात द्यायचा."